इमानतेलाचा माळ

गेल्या डिसेंबरात, एकोणऐंशी साली, मी चार दिवस कोल्हापूरला जाऊन आले. परतल्यावर कॉलेजातल्या मैत्रिणींनी विचारलं, दर्शन नीट झालं का, चपला घेतल्यास का, गूळ आणलास का. गूळ आणला होता. बाकी काहीच केलं नव्हतं. मी गेले होते ते एक माळरान बघायला. तिथे पूर्वी लष्करी विमानांचं पेट्रोल साठवत असत. आता तिथे बघण्यासारखं काही उरलेलं नाही आणि तुमच्यापैकी कोणी मुद्दाम वाट वाकडी करून जाईल असं मला वाटत नाही. म्हणून लिहून ठेवते आहे.

जाण्याचं कारण आधी सांगायला हवं. माझे धाकटे काका, दत्तूकाका, त्या डेपोत नोकरीला होते. टाकीत पट्टी सोडून आत तेल किती हात आहे ते बघायचं, हे त्यांचं काम. सहासष्ट साली, मी तेरा वर्षांची असताना, ते आजारी होऊन आमच्याकडे मिरजेला आले. वडील तेव्हा मिरजेला रेल्वेत कारकून होते आणि आम्ही दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. काकांबरोबर शेवंताकाकू होती, त्यांची बायको. चोवीस-पंचवीस वर्षांची, कागलच्या पलीकडच्या गावची, आवाजानं मोठी. माझ्या आईला ती त्या भागातल्या रीतीनं अक्का म्हणायची आणि आईला ते फार आवडायचं.

काकांना झोप येत नव्हती. चार-चार दिवस डोळ्याला डोळा लागत नसे. अंगावर किडे चालतात म्हणून ते सदरा काढून भिरकावत. आणि बोलता बोलता मध्येच दोन बोटं तोंडात घालून जिभेवरचं काहीतरी ओढून काढत. काय आहे विचारलं की म्हणत, "केस. लांब केस आहे. काढला की दुसरा येतो."

जिभेवर केस म्हटल्यावर आमच्या माणसांना एकच गोष्ट सुचली, करणी. आणि करणी करायला घरात बाहेरून आलेली एकच होती. काकू पहिल्या दिवसापासून सांगत होती की हे टाकीत उतरल्यापासून झालंय. कोणी ऐकलं नाही. आठव्या दिवशी वडिलांनी तिला कोल्हापूरच्या गाडीत बसवून दिलं, काकांना वेड्यांच्या इस्पितळात नेलं आणि तिथे अकराव्या दिवशी काका गेले. काकूचं नाव त्यानंतर घरात निघालं नाही. पुढच्या वर्षी वडिलांची बदली नाशिकरोडला झाली आणि आम्ही तो मुलूख सोडला.

मी आता नाशकातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेते. गेल्या पावसाळ्यात एका सहकारी बाईंकडे चहाला गेले होते. त्यांचे सासरे विमानतळावर पेट्रोलच्या खात्यात होते. सहज गप्पा मारता मारता म्हणाले, "विमानाच्या पेट्रोलात शिशाचं एक द्रव्य घालतात. टाकीच्या तळाला गाळ बसतो त्यात ते असतं. नुसत्या कातडीतूनही अंगात जातं. नळीचा मुखवटा घातल्याशिवाय आम्ही कुणाला आत सोडत नव्हतो. पूर्वी एक-दोघं गेले होते तसेच. वेडे होऊन मेले. एकाला तर तोंडात केस आहे असं वाटायचं."

मी त्यांना ते शेवटचं वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ग्रंथालयात विषांवरचं जाडजूड पुस्तक काढलं. निद्रानाश, अंगावर किडे, जिभेवर केस. सगळं एकाखाली एक छापलेलं होतं. त्या द्रव्याचं सूत्र मला पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून पाठ आहे. परीक्षेत ते लिहून मी मार्कही मिळवले होते.

वडिलांना काही न सांगता मी रजा टाकली.

कोल्हापूर

स्टेशनजवळच्या लॉजचा मालक एकट्या बाईला खोली द्यायला तयार होईना. "कुणाकडं आलायसा पावणं?" त्यानं तीनदा विचारलं. मी डेपो बघायला आले आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा आणखीच गोंधळला. "यष्टीचा डेपो? त्यात काय बघायचं?" शेवटी कॉलेजात शिकवते हे ऐकल्यावर त्यानं किल्ली दिली आणि वर "मास्तरीणबाई, कडी आतनं नीट लावा," असं सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. इथे हळू बोलणं लोकांना संशयाचं वाटत असावं. आमच्या नाशकात कोणी असं ओरडलं तर भांडण लागलंय असं समजून लोक खिडक्या उघडतात.

पहिला दिवस फुकट गेला. तेलाचा डेपो म्हटलं की कोणी मला शेंगदाण्याच्या घाण्यावर पाठवी, कोणी रॉकेलच्या दुकानावर. रॉकेलच्या रांगेतल्या बायकांनी मी मध्ये घुसते आहे असं समजून मला चांगलंच झापलं. विमानतळाच्या बाजूला एका चहावाल्यानं ऐकून घेतलं, पण तो पंचवीस वर्षांचा. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. तेरा वर्षांत एवढी मोठी गोष्ट माणसांच्या डोक्यातून पुसली जाते याचं मला नवल वाटलं, आणि मग वाटलं, आपल्या घरात तरी दुसरं काय झालं?

संध्याकाळी गंगावेशीत आले. तिथे रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात आणि गवळी समोर धार काढून फेसाळ ग्लास हातात देतो. बापे उभ्या उभ्या पितात, मिशा पुसतात आणि चालू लागतात. मी एकटीच बाई. ग्लास घेतला खरा, पण कोमट दूध घशाखाली उतरेना. काकू मिरजेत काकांना असंच तांब्यातांब्यानं दूध पाजायची. दुधानं विष उतरतं, म्हणायची. विष हा शब्द तिनं तेव्हाच वापरला होता.

"पावणं, दूध आवडलं न्हाय व्हय?" गवळ्यानं विचारलं. मी सहज त्याच्यापाशीही चौकशी केली. तो हसला. "अवो, इमानतेलाचा माळ म्हना की! आमच्याच गावाच्या डोक्यावर हाय. डेपो कोण म्हनतंय त्याला? बाबालाल मुजावरला भेटा. पंपावर हुता तो. आता नुस्ता वॉचमन हाय. कशाचा वॉचमन, ते त्यालाबी ठावं न्हाय."

विमानतेलाचं इमानतेल झालेलं. लॉजवर येईपर्यंत तो शब्द माझ्या तोंडात घोळत राहिला.

माळ

सकाळच्या एसटीनं सांगली रस्त्याला उतरून दीड मैल चालले. गुऱ्हाळं सुरू झाली होती. सगळ्या शिवारावर उकळत्या रसाचा गोड, जड वास होता. उसाच्या गाड्यांमागून चालताना धुळीनं पातळ गुडघ्यापर्यंत लाल झालं.

बाबालाल मुजावर साठीच्या पुढचे, वाळलेले, डोक्याला टॉवेल बांधलेले. मी दत्तू शिर्केंची पुतणी, असं सांगितल्यावर ते ओट्यावरून उठले आणि काही न बोलता घरात गेले. मला वाटलं, भेटायचं नसेल. पाच मिनिटांनी पायात वहाणा घालून, हातात काठी आणि किल्ली घेऊन बाहेर आले. "चला," म्हणाले. "आदी बघून घ्या. मग बोलू."

चढ फार नाही. वर वाळलेलं, कमरेएवढं पिवळं गवत, आणि त्यात अंतराअंतरावर गोल खड्डे. काटेरी तारेचं कुंपण जागोजागी आडवं पडलेलं. फाटकाला मात्र भलंमोठं कुलूप होतं. बाजूला पाच हातांवर तार मोडलेली असूनही बाबालालनी ते कुलूप किल्लीनं उघडलं, मला आत घेतलं आणि पुन्हा लावलं.

"सात टाक्या हुत्या. जर्मनीच्या लढाईत गोऱ्यांनी बांदल्या," ते सांगू लागले. "अर्ध्या जमिनीत, अर्ध्या वर. वरनं माती, मातीवर गवत. इमानातनं बगितलं तर नुस्त्या टेकड्या दिसाव्यात म्हनून. मी तवा माती व्हायला आलतो. खाली रेल्वेच्या फाट्यावर मालगाडीच्या वाघिणी लागायच्या. तितनं पाईप. पंप सुरू केला की सगळा माळ थरथरायचा. तेल कसं, हिरवंगार. पाचूवानी. हातावर घेतलं तर उडून जायचं, हात गार."

लढाई संपली, गोरे गेले, पाच टाक्या रिकाम्या झाल्या. दोन चालू ठेवल्या. पुढे चीनची लढाई झाली तेव्हा साती पुन्हा भरल्या. माणसं घेतली, त्यात माझे काका. बाबालाल पंपावर, काका टाक्यांवर. दोघे एका डब्यातून जेवत. "माझ्या डब्यातलं मटन त्याला, त्याच्या डब्यातली काकवी मला," बाबालाल म्हणाले. "त्याची बायकू लई झ्याक सैपाक करायची."

मग वरून हुकूम आला की डेपो बंद. तेल दुसरीकडे हलवलं. टाक्या भंगारात काढायच्या, त्यासाठी आधी तळाचा गाळ काढून धुवायच्या. ते काम एका ठेकेदाराला दिलं. त्यानं जवळच्या वाडीतली सहा माणसं आणली. मुखवटा एकच होता, आणि त्याची नळी चिरलेली. वरून हातपंपानं त्या नळीत हवा सोडायची, ते काम बाबालालकडे होतं.

आम्ही सातव्या टाकीपाशी आलो होतो. ही एकच तशी राहिली आहे. माती अर्धी खचलेली, तिच्यातून गंजलेला पत्रा दिसतो. बाजूला माणूस जेमतेम वाकून जाईल एवढं भोक. आत काळोख. मी वाकून बघितलं आणि मागे झाले.

"हितनंच," बाबालाल म्हणाले.

"पण काकांचं काम मोजण्याचं होतं ना? ते का उतरले?"

"त्याला कुणी सांगितलं न्हवतं. दुसऱ्या दिवशी वाडीतला एक पोरगा भाईर आला आन् वकाय लागला. बाकीचे आत जाईनात. ठेकेदार म्हनला, न्हाय जायचं तर घरला जावा, दुसरे आनतो. दत्तू म्हनला, मी वर हुबा ऱ्हाऊन टाकी साफ झाली का बघनार, आन् ही मानसं आत मरनार, हे बरं दिसत न्हाय. मी बी उतरतो. मुखवटा त्यानं त्या पोराला दिला. आपन नाकाला उपरणं बांदलं. चार दिवस उतरला. भाईर आला की म्हनायचा, बाबालाल, आत गोड वास येतोय रं, पिकलेल्या फळाचा."

"तुम्हाला माहीत होतं, तो गाळ कसला आहे?"

त्यांनी काठीनं पुढचं गवत बाजूला सारलं. "टाकीवर पाटी हुती. इंग्रजी. कवटी काढलेली. कवटी तर इजेच्या खांबावर बी असती की, ताई."

सहांपैकी तिघे त्याच महिन्यात गेले. मुखवटा घातलेला मुलगा वाचला. सांगलीकडे कुठेतरी भाजी विकतो. कागदावर काय लिहिलं गेलं ते बाबालालना माहीत नाही. ताप, एवढं कानावर आलं होतं.

टाकीच्या उताराला एक लांबट चर आहे. गाळ त्यात ओतला. तेरा पावसाळे होऊन गेले, पण त्या पट्ट्यात गवताची काडी नव्हती. नुसती काळपट, तडकलेली जमीन. मी कॉलेजातून नमुन्यासाठी बाटली आणली होती. ती पर्समधून काढलीच नाही. मला आता तपासायचं असं काही उरलं नव्हतं.

मग मी काकूबद्दल विचारलं.

"ती आलती की!" बाबालालचा आवाज पहिल्यांदा चढला. "मिरजेहून घालवली, ती माहेरला गेलीच न्हाय. सरळ हितं आली. त्या फाटकावर हुबी ऱ्हाऊन वराडली, आत गेल्याली सगळी मानसं दवाखान्यात न्या, त्या चरावर माती घाला. सायेब खुर्चीतनं उठला न्हाय. मग ती गावात गेली. इमानतेलाची रिकामी पिंपं लोकांनी घरोघर नेलती. पानी भरायला, जोंधळा ठेवायला. बाई दारोदार जाऊन सांगायली, त्यात पानी भरू नगा. कोण ऐकतंय? तीन पिंपं तिनं रस्त्यावर वतली. मग गावानं तिला हाकललं. मिरजेची बातमी तिच्या आदीच आलती, करणीवाली म्हनून. नवऱ्याला खाल्ला, आता गावाचं पानी नासवाय आली म्हनले."

"आणि तुम्ही?"

"मी घरात हुतो." ते म्हणाले, "दार लावून."

त्या वर्षी गावातली दोन लहान मुलं दगावली. कशानं ते कोणी विचारलं नाही. त्यानंतर लोकांनी गुपचूप पिंपं नेऊन ओढ्यात टाकली. पण तिला परत बोलवायला कोणी गेलं नाही.

खाली त्यांच्या बायकोनं भाकरी, खर्डा आणि ताक समोर ठेवलं. खर्डा इतका जळजळीत होता की डोळ्यांतून धारा लागल्या, आणि मी त्या पुसल्या नाहीत. बाबालाल जेवले नाहीत. निघताना त्यांनी कागदाच्या तुकड्यावर आपल्या भाचीच्या घरचा पत्ता लिहून दिला. "ती हुपरीला दिलीया. तुमची काकू त्याच गल्लीत असती. मी चार येळा हुपरीला गेलतो. त्या टोकाला गेलो न्हाय."

हुपरी

हुपरीची एसटी भरलेली होती. माझ्या शेजारी एक बाई मांडीवर फडक्याची गाठोडी घेऊन बसली होती. गाडीला धक्का बसला की गाठोडी छुनछुन वाजे. गाव जवळ आलं तसा हाच आवाज बाहेरूनही यायला लागला. इथे घराघरात चांदीचं काम चालतं. पुढच्या खोलीत भट्टी, भात्याची फुंक, बारीक हातोड्या. सोप्यात बायका पैंजणाच्या कड्या एकीत एक अडकवत बसलेल्या. आमच्याकडे सराफाच्या दुकानात काचेखाली दिसणारा दागिना इथे सुपात, ताटात, शेणानं सारवलेल्या जमिनीवर ढिगानं पडलेला असतो. तेजाबाचा वास नाकात बसतो. माझ्या प्रयोगशाळेत रोज येतो तोच, पण तो स्वयंपाकाच्या धुराबरोबर येईल असं कधी वाटलं नव्हतं.

भाचीनं गल्लीच्या तोंडाशी आणून सोडलं आणि तिथूनच बोट दाखवलं. "ते शेवटचं दार. मी येत न्हाय हं. आमच्यात पोरं लहान हाईत."

काकू उंबऱ्यात बसली होती. मी तिला लगेच ओळखलं. तिनं मला नाही. केस अर्धे पांढरे झालेले. मांडीवर ताट, ताटात कड्या, हातात चिमटा.

"कोण पायजे?"

"मी सुधा. मिरजेची."

चिमटा थांबला. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग पुन्हा कडी उचलली, तिचं तोंड चिमट्यानं दाबलं, दुसरी अडकवली. "बस," म्हणाली. कुठे ते सांगितलं नाही. मी दारासमोरच्या दगडावर बसले.

नाशिकहून निघताना मी सगळं मनात मांडून आणलं होतं. ते द्रव्य काय असतं, शरीरात कसं शिरतं, मेंदूत काय करतं. ते सगळं मी भराभरा सांगून टाकलं. काका वेडे नव्हते, काकू. तुझा काही दोष नव्हता. पुस्तकात छापलंय.

तिनं संपेपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "आन् हे तू मला सांगाय आलीस?"

"हो."

"मला ठावं हाय की. मी तवाच सांगत हुते. तुला बुकात सापडाय तेरा वर्सं लागली. मी त्याचं कपडं धुत हुते, सुधा. बादलीतनं त्यो गोड वास यायचा. माझं बी डोस्कं फिरल्यागत व्हायचं. ज्याला सांगायचं त्याला सांग जा. मला कशाला?"

गल्लीतल्या हातोड्यांचा आवाज मधूनमधून थांबत होता. लोक आमच्याकडे बघत असावेत. मग मी ज्यासाठी खरं आले होते ते सांगितलं. मिरजेला आत्या आली होती, तिनं मला जवळ घेऊन विचारलं होतं की काकू केसांचं काही करते का गं. मी म्हटलं, हो, विंचरून निघालेलं गुंतवळ गोळा करून कोनाड्यात ठेवते. सगळ्याच बायका ठेवतात. सुया-पिना विकणारी येते, ती केसांवर सुया देते. माझी आईही ठेवायची. पण आत्यानं तुझ्याबद्दल विचारलं होतं, म्हणून मी तुझंच सांगितलं. त्याच दुपारी वडिलांनी तुझी पिशवी बाहेर ठेवली.

काकूचा हात ताटातच राहिला. तिचा चेहरा असा काही झाला की मला वाटलं, आता ही मला मारणार.

"तू सांगितलंस?"

"हो."

"अक्कानं न्हाय?"

"आईला काहीच माहीत नव्हतं. ती स्टेशनवर यायला निघाली होती, बाबांनी बाहेरून कडी घातली."

काकूनं ताट खाली ठेवलं. पदर तोंडावर घेतला. बोलली तेव्हा आवाज अगदी बारीक होता. त्या गावात मी ऐकलेलं तेवढंच एक हळू बोलणं. "मला वाटलं, अक्कानं सांगितलं. ती केस बघत हुती माझं, येणी घालायची. दुसरं कोण सांगनार? तेरा वर्सं मी रोज तिला शिव्या देतीया. तिचं एक पत्र बी आलतं, माझ्या माहेरच्या पत्त्यावर. भावानं आनून दिलं. वाचून दाखवतो म्हनला. मी चुलीत घातलं."

ताटातली एक कडी खाली पडली होती, ती मी उचलून ताटात ठेवली.

"कशी हाय ती?"

"दोन वर्षं झाली, काकू. काविळीनं गेली."

तिनं मान हलवली. नंतर कितीतरी वेळ ती मान हलवतच राहिली. मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं, की मी तिथे गेले नसते तर निदान एवढं तरी तिच्या वाट्याला आलं नसतं. शिव्या देण्यात तिचा एक आधार होता. तो मी माझं मन हलकं करण्यासाठी काढून घेतला.

उन्हं कलायला लागली तसं माझ्या घशाला कोरड पडली. मी तिच्याकडे पाणी मागितलं. दारात मातीचा डेरा होता, वर पालथा तांब्या.

"न्हाय," ती म्हणाली. "तुला न्हाय देनार."

"का?"

"हितं माझ्या हातचं पानी कुणाला चालत न्हाय. पैंजण चालतंय. ह्या गल्लीतनं माझ्या हातच्या कड्या लग्नाच्या पोरींच्या पायात जात्यात, पर पानी चालत न्हाय. तू पिऊन काय व्हनार? तू पोर हुतीस. तुला जे दिसलं ते तू बोललीस. तुझा बाप पोर न्हवता. त्यानं मला गाडीत बसवलं तवा डब्यातल्या मानसांना सांगितलं, हिच्यापासनं लांब बसा. तेच माझ्या आदी गावात पोचलं. त्याला म्हनावं, हितं ये. ह्या दारात बस, दिवसाउजेडी, सगळी गल्ली बघंल असा. आन् माझ्या हातचं तांब्याभर पानी पी. बाकी मला काय नगं. तुझं बुक बी नगं."

ती मला पोचवायला आली नाही. मी वळून बघितलं तेव्हा ती पुन्हा ताट मांडीवर घेऊन बसली होती, पण हात हलत नव्हते. स्टँडवर उसाचा रस घेतला तो कसा लागला ते आठवत नाही. तिथेच समोरच्या दुकानातून गुळाची ढेप घेतली, कारण घरी गेल्यावर हातात काहीतरी असायला हवं होतं.

नाशिकरोड

वडील आता सत्तरीला आले आहेत. मी त्यांना सगळं सांगितलं, माळ, टाकी, मुखवटा, काकांनी उपरणं बांधून आत उतरणं. ते खिडकीशी बसून ऐकत होते. मी पुस्तकातलं पान उतरवून आणलं होतं, ते त्यांनी चष्मा लावून वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. "दत्तू मुखवटा देऊन टाकणारच," एवढंच म्हणाले. रडले नाहीत. काकूचा निरोप सांगितल्यावर उठून बाहेर गेले.

आठवड्यानं त्यांनी विचारलं, हुपरीला एसटी कुठून सुटते. मी सांगितलं. जानेवारीत त्यांनी पिशवी भरली आणि सकाळी थंडी आहे म्हणून रिकामी केली. मार्चमध्ये पुन्हा भरली. तेव्हा गुडघा दुखत होता. मी बरोबर येते म्हटलं तर नको म्हणाले. आता मे लागला आहे, ऊन कडक आहे, आणि त्यांची पिशवी कालपासून पुन्हा दाराशी दिसते आहे.

आज सकाळी चहा पिताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि मी तिथवर गेलो, आणि तिनं पाणी दिलंच नाही, तर?"

"तर तहानलेले परत या, बाबा," मी म्हटलं.